दहनाची जागा : मराठी नाटकातील मरणविधी

डेन्मार्कच्या राजाने पाठविलेल्या मोहिमेतील प्रवासी कार्स्टेन नीबुर १७६५ साली मस्कत बंदरात उतरला, तेव्हा तेथे सुमारे १२०० हिंदू व्यापारी राहत असल्याचे त्याने नोंदविले. त्यांना आपल्या रीतीने वागण्याची, कुटुंबे आणण्याची, घरात देव मांडण्याची आणि आपल्या मृतांचे दहन करण्याची मोकळीक होती. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. परक्या मुलखात व्यापार कोणीही करू देतो, कारण त्यात दोघांचा लाभ असतो. चिता रचू देणे हे निराळेच औदार्य होय. ओमानमध्ये ही मोकळीक आजही आहे.

ज्यांचे पूर्वज करारनाम्यावर अंगठा उठवून बोटीत चढले, आणि ज्यांच्यापैकी कित्येकांना वाटेतच समुद्राच्या स्वाधीन करावे लागले, त्या घराण्यांना या मोकळिकीचे मोल सांगावयास नको. मरणोत्तर आपला देह कोठे जळावा, या एका प्रश्नावर मराठीत एक संपूर्ण नाटक उभे आहे. त्याचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी मात्र थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या नाट्यशास्त्रकारांना रंगभूमीवर मरण नको होते. धनंजयाच्या ‘दशरूपका’त वध प्रेक्षकांसमोर दाखवू नये, असा स्पष्ट निषेध आहे. भासाने ‘ऊरुभंगा’त दुर्योधनाला रंगमंचावरच मरू दिले, पण तो अपवाद. कोकणातील दशावताराने निराळी वाट काढली. देवळाच्या जत्रेत रात्री गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, शारदा येते. मग वेद पळविणारा काळा संकासुर येऊन भटजीशी मालवणीत थट्टामस्करी करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. त्या मरणाला सुतक नाही. पहाटे दहीकाला होतो आणि मंडळी प्रसाद घेऊन घरी जातात. संगीत नाटकानेही धूप, नारळ व नांदी यांनी रंगभूमी आधी मंगल करून घेतली. परंतु गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्येच रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’त, त्याच मंगल केलेल्या जागी सिंधूने प्राण सोडला आणि प्रेक्षागृहात हुंदके उठले. मरण आता दैत्याचे राहिले नव्हते, घरचे झाले होते. तरीही मरणानंतर जे घडते ते पडद्याआडच राहिले.

तो पडदा सतीश आळेकरांनी १९७४ साली ‘महानिर्वाणा’त दूर केला. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगविलेल्या या नाटकात भाऊराव मरतात आणि मेल्यावर उभे राहून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात! कीर्तनकाराने नारदाच्या गादीवरून देवाची किंवा भक्ताची कथा सांगावी हा संप्रदाय. येथे निरूपणाचा विषय कीर्तनकाराचेच प्रेत आहे. रमा शोक करीत आहे, चाळीतील शेजारी जमले आहेत, आणि भाऊरावांचा हट्ट एकच : आपले दहन जुन्या स्मशानातच झाले पाहिजे. ते स्मशान तर बंद झालेले. मुलगा नाना या पेचात सापडतो. वडिलांची इच्छा मोडवत नाही आणि नियम वाकत नाही.

प्रेक्षक या नाटकाला हसतात, आणि तेही भरपूर. त्यावरून हा धर्मविधींचा उपहास आहे असा समज होणे शक्य आहे. परंतु नीट पाहिल्यास थट्टा होते ती विधी लवकर उरकू पाहणाऱ्यांची आणि शोकाचेही ठरीव साचे करणाऱ्यांची. भाऊरावांच्या मागणीची थट्टा नाटकाने केलेली नाही. एरवी या साध्या गृहस्थाने आयुष्यात फारसे काही मागितले असेल असे वाटत नाही; मरताना मात्र ओळखीची जागा मागितली. आणि कीर्तनाचा घाट निवडल्याने हा हट्ट रडगाणे होत नाही. टाळांच्या ठेक्यावर, आख्यान लावावे तशा थाटात, तो श्रोत्यांपुढे मांडला जातो. मरणाला भिऊन गप्प बसण्यापेक्षा त्याला चार माणसांत आणून बोलते करणे, हेच मुळी कीर्तनाचे जुने काम आहे.

मस्कतच्या व्यापाऱ्यांना परक्या राज्यात चितेची जागा मिळाली होती. भाऊरावांना मात्र ती आपल्याच गावात नाकारली गेली. नाटकात हे गाऱ्हाणे ते मोठ्या रागाने मांडीत नाहीत. ते पुढचे निरूपण सुरू करतात.