तीन ओळींची पुष्पिका

ठरलेल्या वेळी ठरलेले काम करवून घेणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्राम युनिक्सच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत होता. त्याचे आज सुपरिचित असलेले रूप पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिले. कोणते काम केव्हा करायचे याचा तक्ता म्हणजे क्रॉनटॅब. त्यात कामागणिक एक ओळ असते: आधी मिनिट, तास, तारीख, महिना, वार, आणि पुढे आज्ञा.

आपण दिलेला तक्ता व्हिक्सींच्या क्रॉनमध्ये संगणकाच्या राखीव जागेत नकलून ठेवला जातो आणि नकलेच्या माथ्यावर तीन ओळी आपोआप चढतात. ही फाइल बदलू नका, मूळ फाइल बदलून पुन्हा बसवा. अमुक फाइलवरून अमुक वेळी बसवली. क्रॉनची आवृत्ती अमुक. ओळींच्या आरंभी हॅश असल्याने क्रॉन त्यांना केवळ टिपा समजतो. पोथीच्या पुष्पिकेत लेखनिक नोंदवतो तसलाच हा मजकूर, फक्त शेवटी नसून आरंभी.

घोटाळा होतो तो तक्ता दाखवण्याच्या आज्ञेत. ‘क्रॉनटॅब’पुढे ‘एल’ हा पर्याय दिला की तक्त्याबरोबर या ओळीही बाहेर पडतात. माणूस त्या वाचून सोडून देतो. पण तोच मजकूर एखाद्या स्क्रिप्टने परत क्रॉनटॅबच्या हवाली केला, की जुन्या ओळी तक्त्याचा भाग बनतात आणि वर नव्या तीन बसतात. दहा फेऱ्यांनंतर त्या ३३ होतात! समासातली टीप पुढच्या नकलेत संहितेत कशी शिरते, हे पाठचिकित्सकांना सांगायला नको. गंमत म्हणजे संपादनाच्या ‘ई’ पर्यायात आरंभीच्या टिपा वगळण्याची तजवीज व्हिक्सींनी केली होती.

डेबियन लिनक्सने पुढे ‘एल’च्या मजकुरातूनही हे शीर्षक काढले, जुनी रीत हवी असणाऱ्यांसाठी ‘क्रॉनटॅब नोहेडर’ नावाचा चल ठेवला. मात्र त्यातून उलटा धोका उभा राहिला, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. पहिल्या तीन ओळी डोळे झाकून छाटणारी जुनी स्क्रिप्ट इथे चालवली तर खरी कामेच छाटली जातात. रात्रीचा बॅकअप त्यांत असला तर तो बंद पडतो, आणि क्रॉन चकार शब्द काढत नाही. तक्त्यात नसलेले काम राहून गेले हे त्याला कळणार कसे?

वास्तविक तोड पहिल्या ओळीतच लिहिलेली आहे: मूळ फाइल आपल्यापाशी जपावी आणि दर वेळी तीच बसवावी. ओळी छाटायच्याच असतील, तर मजकूर ताडून छाटाव्यात, मोजून नव्हे.