आजीलाही चावतील अशा मऊ कुकीज

बुद्ध पौर्णिमेला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पाहुण्यांकडे जाताना आपण बेकरीतून बिस्किटांचा पुडा घेतो. मुलं तो तिथल्या तिथे संपवतात. आजीच्या वाट्याला मात्र चहात बुडवून लगदा केलेलं बिस्कीट येतं, कारण दात पडलेले आणि कवळी टोचते. चावता येत नाही म्हणून म्हातारी माणसं हळूहळू खाणंच कमी करतात. ते कुणाच्या लवकर लक्षातही येत नाही. म्हणून यंदा घरी केलेल्या मऊ कुकीज न्या, असं आम्ही सुचवतो. ओव्हन लागत नाही.

100 ग्रॅम गव्हाचं पीठ, 50 ग्रॅम नाचणीचं पीठ, 100 ग्रॅम किसलेला गूळ, 75 ग्रॅम तूप, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. वनस्पती तूप नको, ते हृदयाला चांगलं नाही. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शिवाय चवही खमंग येते. कोमट तुपात गूळ नीट फेटा, पिठं, सोडा आणि मीठ मिसळा, दोन-तीन मोठे चमचे दूध घालून सैलसर गोळा करा. जास्त मळू नका. चौदा चपट्या टिकल्या होतील.

जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर द्या, वर स्टँड ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा. नॉनस्टिक भांडं यासाठी वापरू नका. तूप लावलेल्या ताटलीत टिकल्या अंतराने मांडून मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटं ठेवा. एका वेळी मावत नसतील तर लगेच दुसरा घाणा लावा, कढई तापलेलीच असते, गॅस वाचतो.

मऊपणाची खरी गोष्ट इथे आहे. कडा घट्ट झाल्या पण मधला भाग बोटाला दबतो, तेव्हाच आच बंद करा. त्या कच्च्या वाटतील, पण ताटलीच्या उष्णतेत आतून शिजतात. 'अजून पाच मिनिटं' म्हणालात की झालं पुन्हा बेकरीचं बिस्कीट! गूळ ओलावा धरून ठेवतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही त्या चिवट-मऊ राहतात.

गुळाचं केलंय म्हणजे शुगरवाल्यांना चालतं, हा समज मात्र सोडा. एका कुकीत सुमारे 7 ग्रॅम गूळ जातो आणि गुळानेही रक्तातली साखर वाढतेच. ज्या घरी मधुमेही असेल तिथे भाजलेले शेंगदाणे किंवा पेरू न्या, पण दोन्ही दात असलेल्यांसाठीच. लकवा झालेल्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुकीही देऊ नका.

पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफ धरून बुरशी येते. ओलावा असल्याने तीन-चार दिवसांत संपवाव्या लागतात, तेव्हा आदल्या दिवशीच करा. आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई खाण्याला लागते. स्टीलचा डबा द्या, रिकामा परत येतोच.