तुम्ही ‘रामदास’ बोटीवर असता तर? स्मार्टफोनही ठरला असता निरुपयोगी

पुणे : कल्पना करा, तुम्ही काळात मागे गेला आहात. तारीख १७ जुलै १९४७, गटारी अमावस्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेल्या ‘रामदास’ बोटीत तुम्ही बसला आहात. सणासाठी गावी निघालेल्यांची गर्दी आहे. पुढे काय होणार, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे.

फोनवरून मदत मागता येईल?
नाही. मोबाइल टॉवर नाहीत. पहिला कृत्रिम उपग्रहच १९५७ मध्ये सुटला, म्हणजे जीपीएसही नाही. बोटीवर साधी बिनतारी यंत्रणाही नव्हती. त्यामुळे मुंबईला बातमी कळायला काही तास लागले.

बोट उलटली कशी?
काशाच्या खडकाजवळ लाटांचे पाणी आत शिरले. घाबरलेले प्रवासी एका बाजूला धावले. वजन एकीकडे सरकले की बोट त्याच बाजूला कलते. ‘रामदास’ उलटली आणि ६००हून अधिक जणांचा जीव गेला. अनेकांना मच्छीमारांनी वाचवले.

मग काय करता आले असते?
सर्वांना जागेवर बसवून ठेवणे, एवढेच. पण त्या गोंधळात तुमचे ऐकणार कोण? म्हणूनच मांडव्याला जा किंवा पवना धरणावर, बोट सुटण्याआधीच लाइफ जॅकेट घाला. सेल्फीसाठी एका कडेला गर्दी करू नका.