सही जुळत नाही

बँकेतली तेहेतीस वर्षांची नोकरी संपवून घरी बसलेल्या माणसाच्या घरात रविवारी सकाळी सात वाजता फोन वाजला, की मनात पहिल्यांदा कुणाचे तरी आजारपणच येते. २०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. फोन बंगळुरूहून होता, आमच्या चिरंजीवांचा. आणि आवाज असा, की मी हातातला कप खाली ठेवला.

‘‘बाबा, माझं अकाउंट गेलं.’’

‘‘कुठल्या बँकेतलं? किती होते त्यात?’’ नोकरीची सवय सुटत नाही.

‘‘बँकेतलं नाही. गेमचं.’’

मी कप पुन्हा उचलला. आता लिहायला संकोच वाटतो, पण ‘हात्तिच्या!’ हा शब्दही तोंडून निघून गेला. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग फोन बंद. सौ. म्हणाली, ‘‘तुम्ही ना, तिशीतल्या मुलाशी बोलताय हे विसरता.’’

खरे तर हे खाते उघडण्यात माझाच हात होता. २०११ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा संपल्याचे बक्षीस म्हणून, मी त्याला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घेऊन गेलो होतो. घासाघीस करून मोटारींच्या शर्यतीच्या खेळाची एक सीडी घेतली. खोक्याच्या आत एक चिकटपट्टी आणि तिच्यावर अक्षरे-आकडे यांची लांबलचक ओळ. सीडी संगणकात घातली म्हणजे झाले, असे माझ्या पिढीला वाटायचे. पण तसे नव्हते. ती ओळ कंपनीच्या संकेतस्थळावर भरायची, तिथे आपले खाते उघडायचे, मग तो खेळ त्या खात्यावर चढणार. पुढे सीडी गेल्या, खोकी गेली, खाते राहिले. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीने ‘स्टीम’ नावाचे असे दुकान २००३ साली सुरू केले. मग २००८ मध्ये पोलंडचे ‘जीओजी’ आले, २०१८ च्या डिसेंबरात ‘एपिक’चे. आणखीही कितीतरी आहेत. आमचे दुकान कोणते, ते मुद्दामच सांगत नाही. या सर्व दुकानांत माल आपल्या हातात येत नाही, आपल्या नावावर मांडला जातो. दप्तर त्यांच्याकडे, किल्ली म्हणजे पासवर्ड आपल्याकडे. चिरंजीवांच्या नावावर चौदा वर्षांत दोनशेच्या आसपास खेळ जमले होते. सुरुवातीचे काही माझ्या क्रेडिट कार्डावर, बाकीचे त्याच्या पगारातून.

दुपारी मीच फोन केला, आणि या वेळी ऐकून घेतले. चोरी झाली ती अशी. ओळखीच्या एका खेळगड्याच्या नावाने निरोप आला : आमचा संघ स्पर्धेत उतरलाय, जरा मत दे. सोबत दुवा. तो दाबल्यावर दुकानाचेच वाटावे असे प्रवेशाचे पान उघडले. याने पासवर्ड टाकला, मोबाइलवर दिसणारा अर्ध्या मिनिटाचा कोडही टाकला. ते पान चोराचे होते. याने इकडे टाकलेला कोड चोराच्या यंत्राने तत्क्षणी खऱ्या दुकानात टाकला आणि आत शिरून ई-मेल बदलला, फोन नंबर बदलला, पासवर्ड बदलला. निरोप पाठवणारा मित्रही बिचारा आदल्या दिवशी याच रीतीने लुटला गेलेला. घरात चोर शिरला, मालकाला बाहेर काढले आणि आतून कडी लावली. आता मालक दार वाजवतोय आणि पहारेकरी त्यालाच विचारतोय, आपण कोण?

पहारेकऱ्याशी पत्रव्यवहार सुरू झाला. चिरंजीवांना कचेरीतून वेळ नाही, म्हणून तो निवृत्त पित्याकडे आला, आणि मीही मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. उभा जन्म कागदपत्रांत गेलेला. हे असले काम म्हणजे माझा हातखंडा. पहिल्याच पत्रासोबत मी आधार कार्डाची प्रत पाठवली, दहावीची गुणपत्रिका पाठवली, प्रत्येकीवर मुलाची सही घेऊन. उत्तर आले : ओळखपत्रे आम्ही पुरावा म्हणून स्वीकारत नाही.

मी संतापलो. भारत सरकारने दिलेले कार्ड चालत नाही म्हणजे काय? मग मुलाने शांतपणे समजावले. दहावीतल्या पोराने खाते उघडताना स्वतःचे नाव दिलेच नव्हते. एका पौराणिक राक्षसाचे नाव आणि पुढे तीन आकडे लावले होते. जन्मतारीखही खोटी, कारण वयाची अट होती. आधार कार्डाने त्याचे नाव सिद्ध झाले असते; पण दुकानाच्या दप्तरात त्या नावाचा माणूसच नव्हता. तिथे होता तो राक्षस, आणि त्याचे आधार कार्ड आणायचे कुठून?

मग त्यांना हवे तरी काय होते? खाते उघडताना दिलेला पहिला ई-मेल. तो आमच्या घरच्या इंटरनेट जोडणीबरोबर फुकट मिळाला होता. ती जोडणी सोडून आता दहा वर्षे झाली. पहिला मोबाइल नंबर. मुलाने बंगळुरूला गेल्यावर तो बंद केला, आणि बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. मी लावून पाहिला तर एका बाईंनी ‘कोण पाहिजे?’ असे विचारले. पहिली खरेदी ज्या कार्डावर झाली त्याचे शेवटचे चार आकडे. ते कार्ड मी स्वतः कात्रीने कापून टाकलेले, आणि ज्या बँकेचे होते ती बँकच १ एप्रिल २०२० रोजी दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. त्या बँकेत मी नोकरी केली, तरी माझेच जुने विवरण मला मिळेना. गोष्ट अशी आहे, की या दुकानांना तुम्ही कोण आहात याच्याशी कर्तव्य नसते. तुम्ही काय काय जपून ठेवले आहे, ते हवे असते.

दुसरे, तिसरे, चौथे पत्र. प्रत्येक उत्तराखाली वेगळे नाव, आणि मजकूर तोच : आपली अडचण आम्ही समजू शकतो, परंतु आपण दिलेली माहिती आमच्या नोंदींशी जुळत नाही. कोणती माहिती जुळत नाही? ते सांगत नाहीत. सौ. म्हणाली, ‘‘निदान काय चुकलं ते तरी सांगावं माणसाने!’’ मी ‘हो ना’ म्हणायला तोंड उघडले आणि तसाच थांबलो. कारण ते का सांगत नाहीत, हे मला पक्के ठाऊक होते. चुकीच्या सहीचा चेक परत करताना आम्हीही ‘सही जुळत नाही’ एवढेच लिहायचो. कोणते वळण चुकले ते सांगितले, तर खोटी सही करणारा पुढच्या वेळी ते वळण बरोबर काढणार!

आणि तेव्हापासून मला ती आजी आठवू लागली. कऱ्हाडजवळच्या एका शाखेत मी होतो तेव्हाची. नवऱ्याच्या मागे मिळालेले थोडे पैसे आमच्याकडे होते. सही कशीबशी शिकलेली, आणि वयाबरोबर हात कापायला लागलेला. नमुना सहीचे कार्ड काढून मी ताडून पाहिले आणि स्लिप परत केली. तिने पुन्हा सही केली, मी पुन्हा परत केली. तिसऱ्या वेळी ती काउंटरच्या जाळीला नाक लावून म्हणाली, ‘‘आरं लेकरा, मी हितं हुबी हाय न्हवं? मग सई कशाला बघतुयास?’’ रांगेतली माणसे हसली. शेवटी आमचा शिपाई, जो त्याच गावचा, पुढे येऊन म्हणाला, ‘‘सायेब, ही आमच्या वाड्यातली म्हातारी. मी वळकतो.’’ मॅनेजरसाहेबांनी कागदावर तशी नोंद करून पैसे दिले. त्या काळी खाते उघडायलाही जुन्या खातेदाराची ओळख लागे. पुढे रिझर्व्ह बँकेच्या ‘केवायसी’च्या नियमांपुढे ती गरज उरली नाही. ओळखीत वशिला होता, खोटेपणाही होता, हे मी नाकारत नाही. पण ‘मी वळकतो’ असे म्हणणाऱ्याला ऐकून घेणारा कान तरी होता. १७७६ साली पानिपतच्या सदाशिवरावभाऊंचा तोतया म्हणून ज्याला देहान्ताची शिक्षा झाली, त्याचीही आधी भाऊंना पाहिलेल्या माणसांकडून पारख झाली होती. आमच्या बाबतीत मी स्वतः लिहून पाहिले : मी याचा बाप, पहिला खेळ मी विकत घेऊन दिला. उत्तर आले, आपली अडचण आम्ही समजू शकतो.

दुकानाची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तेहेतीस वर्षांचे मीठ आळणी. दर महिन्याला सुमारे ७७,००० खाती चोरांच्या हाती जातात, असे व्हॉल्व्हने २०१५ च्या डिसेंबरात स्वतःच जाहीर केले होते. खेळातल्या रंगीत बंदुका नि पोशाख यांना रोख पैशांत किंमत येते, म्हणून चोरांना ती हवी असतात. आणि चोरही असाच अर्ज लिहितो, बहुधा माझ्यापेक्षा चांगल्या इंग्रजीत. पहारेकरी मऊ असला की काय होते, ते २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘वायर्ड’ मासिकाचे पत्रकार मॅट होनान यांनी भोगले. चोरांनी आधी अ‍ॅमेझॉनच्या मदत केंद्राला फोन करून त्यांच्या खात्यात शिरकाव केला. तिथे कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसत होते. ते आकडे आणि घरचा पत्ता एवढ्यावर अ‍ॅपलच्या मदत केंद्राने नवा पासवर्ड देऊन टाकला. तासाभरात होनान यांचा फोन, टॅब्लेट, लॅपटॉप सगळे पुसले गेले, आणि त्यांच्या लहान मुलीचे फोटोही. जे चार आकडे एका दुकानाला उघडे ठेवण्याइतके क्षुल्लक वाटत होते, तेच दुसऱ्या दुकानात ओळखीचा पुरावा ठरले. दोन्ही कंपन्यांनी मग आपले नियम कडक केले. त्या कडकपणाची झळ आम्हाला लागत होती, असे म्हणा हवे तर.

पाचव्या पत्राच्या सुमारास मी मुलाला म्हणालो, ‘‘अरे, सोड ना. नवं अकाउंट काढ. खेळ पुन्हा घे, थोडे पैसे मी देतो.’’ वाट पाहता पाहता मी करारनामाही वाचून काढला होता आणि त्यात स्पष्ट होते, की खेळ आपण विकत घेतच नाही, वापरण्याचा परवाना घेतो; खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. (कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच आहे, की हा केवळ परवाना असल्याचे ठळकपणे न सांगता ‘विकत घ्या’ असे बटण ठेवता येत नाही.) म्हणजे मालकी सिद्ध करायची ती कशाची? पण चिरंजीव गप्प. मग म्हणाला, ‘‘खेळांचं काही नाही हो बाबा. यादी आहे ना, मित्रांची.’’

शेजारच्या विंगमधला त्याचा मित्र २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविडमध्ये गेला. दोघे शाळेपासून एकत्र. एक बंगळुरूला, एक पुण्याला गेल्यावर रात्रीचे हे खेळणेच त्यांचे भेटणे होते. मित्रयादीत त्याचे नाव तसेच होते. नावाखाली ते यंत्र लिहीत असे, अमुक इतक्या दिवसांपूर्वी ऑनलाइन. आकडा रोज एकाने वाढायचा. पंधराशेच्या वर गेला होता. चोर लोक ही यादी पुसून टाकतात, म्हणजे कुणी सावध करायला नको. नव्या खात्यावर त्याला बोलवायचे, तर तिकडून होकार देणार कोण?

मी फोन ठेवला, स्टूल घेतले आणि माळ्यावर चढलो.

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी गणपतीची मखरे, मोडका मिक्सर आणि १९९८ पासूनची वीजबिले निघाली. दुसऱ्या दिवशी सौ.ने कबूल केले, की मुलाची ‘ती सगळी खोकी’ तिने मध्यंतरी भंगारवाल्याला दिली. तिसऱ्या दिवशी, बारावीच्या वह्यांच्या गठ्ठ्यात, ते चपटे खोके सापडले. कारण त्यात त्याने भौतिकशास्त्राची सूत्रे लिहिलेले चिठोरे ठेवले होते. चिकटपट्टी होती. एक कोपरा कसरीने खाल्लेला, पण ओळ पूर्ण. दुकानाच्या मागणीप्रमाणे तिच्याशेजारी तक्रारीचा क्रमांक पेनने लिहिला, फोटो काढला आणि पाठवला. तो क्रमांक लिहायला सांगतात, ते वस्तू आत्ता या घटकेला आपल्या हातात आहे हे दिसावे म्हणून. युक्ती चांगली आहे. बँकेत आम्हाला सुचली असती तर वापरली असती.

दोन दिवसांनी उत्तर आले. या वेळी ‘समजू शकतो’ नव्हते, सरळ नवा पासवर्ड करण्याचा दुवा होता.

रात्री मुलाचा फोन आला. काही वस्तू गेल्या होत्या, खेळ सगळे होते. ‘‘आणि यादी?’’ मी विचारले. यादी होती. चोराने ती पुसली नव्हती, वापरली होती. एकूण एक मित्राला तोच निरोप गेला होता, आमचा संघ स्पर्धेत उतरलाय, मत दे. सगळ्यांत खाली त्याच्या मित्रालाही. मुलगा आता एकेकाला माफीचे पत्र लिहीत बसला होता.

‘‘त्यालाही लिहिलंस?’’

‘‘हो,’’ तो म्हणाला. ‘‘सगळ्यांनाच लिहिलं.’’

खोके मी फ्लॅटच्या इंडेक्स टू आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवले आहे. फाइल आता नीट बंद होत नाही.