रॅम टाकली की पीसी पळतो?

पीसी रेंगाळायला लागला की सल्ला ठरलेला: रॅम टाक. रॅम खरोखर तोकडी असेल तर ठीक, नाहीतर पैसे पाण्यात. रोजची सगळी कामं उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा आकडा बघा. 16 जीबीपैकी 7 जीबीच वापरात असेल, तर आणखी 16 टाकून पदरात फारसं काही पडत नाही. जुन्या पीसीत अडतं ते बहुधा हार्ड डिस्कपाशी. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हवी ती जागा गाठायला दर खेपेला दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याचा शंभरावा हिस्सा पुरतो. विंडोज सुरू होताना अशा खेपा हजारोंनी होतात.

रॅमच घ्यायची ठरली, तरी कुठलीही चालत नाही. डीडीआर4 आणि डीडीआर5, दोन्हींच्या डेस्कटॉप पट्टीला 288 पिना, लांबीही तीच. खाच मात्र वेगळ्या जागी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका, आधी खाच बघा.

रॅमच्या खोक्यावरचा 3600 हा वेगाचा आकडा आपोआप मिळतो, हाही एक समज. बरेच बोर्ड सुरुवातीला 2133 किंवा 2400 वरच चालतात. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करावं लागतं. कित्येक पीसी हे न करताच वर्षानुवर्षं चालतात! दोन पट्ट्या शेजारी-शेजारी खोचणं ही त्याहून सर्रास होणारी चूक. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा, म्हणजे दोन्ही चॅनल कामाला लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ही चूक गेममध्ये चांगलीच जाणवते, कारण अंगभूत ग्राफिक्स याच रॅमवर जगतं.

एम.2 एसएसडी म्हणजे एनव्हीएमई, असंही नाही. त्याच आकारात साटा एसएसडीही येते, आणि ती सेकंदाला साधारण 550 एमबीच्या पुढे जात नाही. स्लॉट कोणती घेतो, ते बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये असतं.

750 वॅटचा एसएमपीएस लावला म्हणून वीजबिल फुगत नाही. पीसीला लागते तेवढीच वीज तो ओढतो, वर थोडी गळती. जपायचं ते वेगळंच. मॉड्युलर एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा निराळा असू शकतो. केबल अलगद बसते आणि बटण दाबताच हार्ड डिस्क जळू शकते.