उतारावरची काच

लोणावळ्याजवळच्या वळवण धरणाची कोनशिला १९११ मध्ये बसली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईकडे वीज वाहू लागली. हे स्वप्न पाहणारे जमशेटजी टाटा १९०४ मध्येच वारले होते. भीमेच्या खोऱ्यातून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जाणारे पावसाचे पाणी लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत अडवले गेले. मग ते नळांतून सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे ५०० मीटर खाली सोडले आणि त्याची वाट अरबी समुद्राकडे वळली. अंदर मावळातल्या ठोकळवाडी धरणाच्या पाण्यावर १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. मावळच्या विजेची ही गोष्ट मुळात उताराची गोष्ट आहे.

आज त्याच मावळात घरांच्या छपरांवर सौर पॅनेल दिसू लागली आहेत. उन्हाची वीज आणि पाण्याची वीज यांचा एकमेकींशी काही संबंध नाही असे वाटते. पण पॅनेलची काच उघडी राहिली तरच वीज मिळते, आणि ती उघडी ठेवण्याचे काम मुख्यतः उतारच करतो. बर्फाच्या देशांना हे आधी समजले. त्यांचा धडा सह्याद्रीच्या माथ्यावरही लागू पडतो.

बर्फाचा धडा

स्वित्झर्लंडच्या ग्लारूस प्रांतात सुमारे २५०० मीटर उंचीवर मुटसे नावाचे धरण आहे. २०२२ मध्ये त्याच्या भिंतीवर सुमारे ५००० सौर पॅनेल बसवून पूर्ण झाली. त्यांची एकूण क्षमता २.२ मेगावॅट आहे. हिवाळाभर बर्फात बुडालेल्या जागी सौर वीज करणे वेडेपणाचे वाटावे, पण या प्रकल्पाची जवळपास निम्मी वीज हिवाळ्याच्या सहा महिन्यांत मिळते.

याची कारणे तीन. भिंत इतकी उभी आहे की पडलेला बर्फ काचेवर टिकत नाही, घसरून जातो. समोर पसरलेला ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उजेडाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग परत उधळतो आणि तो पॅनेलला मिळतो. तिसरे कारण थंडी. सिलिकॉनच्या पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. तापमान एका अंशाने वाढले की त्याची क्षमता साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून गार हवेतले स्वच्छ ऊन हे त्याचे सर्वांत आवडते खाद्य.

कॅनडात किंवा उत्तर अमेरिकेच्या इतर थंड भागात घराच्या छपरावर पॅनेल लावणारेही याच तत्त्वावर चालतात. पॅनेल जास्त तिरपे लावायचे आणि बर्फाचा थर घसरून पडायला खाली मोकळी जागा ठेवायची. बर्फाच्या पातळ थरातून थोडा उजेड आत शिरतो, गडद पॅनेल तापते, काचेलगतचा बर्फ वितळून पाण्याची निसरडी चादर तयार होते आणि वरचा सगळा थर एकदम सरकतो. जिथे तो सरकत नाही तिथे लांब दांड्याला मऊ फोम लावून हलक्या हाताने ओढतात. फावडे मात्र कधीच वापरत नाहीत, कारण काचेवर ओरखडा उठला की तो कायमचा.

खालची पट्टी

एवढ्याशा थराने एवढे का बिघडते, हे समजायला पॅनेलच्या आत डोकवावे लागते. पॅनेलमधले सेल माळेतल्या मण्यांसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलवर सावली पडली की साऱ्या माळेचा प्रवाह अडतो, आणि झाकलेला सेल वीज देण्याऐवजी ती खाऊन तापू लागतो. हे टाळण्यासाठी पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. प्रत्येक डायोड एक तृतीयांश भाग सांभाळतो आणि अडलेल्या भागाला वळसा घालून वीज पुढे नेतो.

आता गंमत पाहा. जुन्या पद्धतीचे, अखंड सेलांचे पॅनेल उभे लावले आणि त्याच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची का होईना, पण दाट पट्टी साचली, तर ती तिन्ही भागांच्या टोकांवर पडते आणि सगळे पॅनेल लंगडे होते. तेच पॅनेल आडवे लावले तर ती पट्टी एकाच भागावर येते आणि उरलेले दोन भाग चालू राहतात. हल्लीच्या अर्ध्या कापलेल्या सेलांच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग स्वतंत्र असतो, त्यामुळे उभे लावले तरी वरचा अर्धा भाग काम करत राहतो. पट्टी बर्फाची असो की चिखलाची, हिशेब तोच.

दर पॅनेलमागे एक टँकर

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर, घाटमाथ्याच्या ऐन कडेला आहे. इथे वर्षाला साधारण ४००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात तो सातशे-साडेसातशे मिलीमीटरवर येतो. ५५० वॅटचे एक पॅनेल सुमारे अडीच चौरस मीटरचे असते. म्हणजे लोणावळ्यात एकेका पॅनेलवर एका पावसाळ्यात सुमारे दहा हजार लिटर, अगदी एक टँकरभर पाणी कोसळते. इतकी धुलाई राजस्थानातल्या कोणत्याही सौर प्रकल्पाला स्वप्नातही मिळणार नाही. तिथे कोरडे ब्रश फिरवणारे यंत्रमानव ठेवावे लागतात.

पण हे पाणी वाहून गेले तरच धुणे होते. पॅनेलच्या ॲल्युमिनियम चौकटीची कड काचेपेक्षा किंचित वर असते. पॅनेल जवळपास सपाट ठेवले तर त्या कडेमागे पाणी तुंबते, माती तळाशी बसते आणि पाणी आटल्यावर चिखलाची पट्टी उरते. लोणावळ्याच्या दमट धुक्यात त्या पट्टीवर शेवाळही धरते. म्हणून पॅनेलला निदान दहा अंशांचा उतार हवाच.

इथे आभाळही एक नवल दाखवते. लोणावळा सुमारे पावणेएकोणीस उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून मे महिन्याच्या मध्यात सूर्य भरदुपारी नेमका डोक्यावर येतो. त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो, आणि आपली पॅनेल मात्र दक्षिणेकडे तोंड करून बसलेली! पण त्यातला बराच काळ घाटमाथ्यावर ढग ओथंबलेले असतात. दाट ढगांच्या दिवशी वीज निरभ्र दिवसाच्या दहा ते पंचवीस टक्क्यांवर येते. जी येते ती आभाळभर पसरलेल्या उजेडातून, आणि त्याला दक्षिण-उत्तरेचे फारसे सोयरसुतक नसते. म्हणून वर्षभराचा हिशेब धरता अठरा-वीस अंशांचा दक्षिणेकडचा उतार मावळाला साजतो: हिवाळी ऊन चांगले लागते आणि पावसाचे पाणी कुठेही थबकत नाही.

उतार वाढवत नेला तर मात्र वारा पॅनेलला शिडासारखे धरतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळात घरांचे पत्रे उडाले आणि पॉलिहाऊसची धूळधाण झाली, हे इथले शेतकरी विसरलेले नाहीत. म्हणून सांगाडा, त्याचे पाय आणि नटबोल्ट यांवर पैसा वाचवू नये.

कोरडे आठ महिने

मावळचा खरा 'बर्फ' पडतो तो पाऊस गेल्यावर. हिवाळ्यात पहाटेचे दव धुळीला भिजवते, ऊन तिला वाळवते आणि रोज एक पातळ पुट काचेला चिकटत जाते. उन्हाळ्यात भाताच्या खाचरांत राब भाजले जातात, डोंगरावर वणवे लागतात, आणि त्यांची काळी राख छपरांवर उतरते. त्यात बांधकामांची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा. विष्ठेचा डाग लहान असला तरी दाट असतो. तो एकाच सेलला झाकतो आणि तो सेल तापत राहतो.

धुण्याची रीत साधी आहे. सकाळी काच गार असतानाच धुवावे. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकू शकते. मऊ कापड किंवा रबरी वायपर पुरतो. घासणी, साबणाची पूड नको. बोअरचे पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, म्हणून साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. पॅनेलवर पाय तर कधीच देऊ नये. काच फुटली नाही तरी खालच्या सेलला केसाएवढ्या भेगा पडतात आणि त्या डोळ्यांना दिसतही नाहीत.

या धुण्याचे वेळापत्रक मावळच्या सणांतच बसते. परतीच्या पावसाने ठेवलेली मातीची झिलई दिवाळीत काढावी. दवाचे पुट संक्रांतीला. राखेसाठी एक धुणे शिमग्यानंतर, एक अक्षय्य तृतीयेला. मग मृग लागला की बादली खाली ठेवावी. पुढचे चार महिने दर पॅनेलमागे एक टँकर पाणी आभाळ स्वतः ओतते. आपण त्याला फक्त उतार द्यायचा.