न्हाणीघराची गळती आणि तिची दुरुस्ती

ठाणें, पनवेल, महापे आणि कल्याण-डोंबिवली या चारी दिशांचे रस्ते जेथें एकत्र येतात, त्या शीळफाट्याचें नांव अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतें. मुंबई-अहमदाबाद जलद रेल्वेसाठीं वांद्रे-कुर्ला संकुलापासून खोदण्यांत येत असलेल्या २१ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचें टोंक येथेंच आहे. त्यांतील ७ किलोमीटरांचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. घणसोली ते शीळफाटा या सुमारें पांच किलोमीटरांच्या टप्प्याचें खोदकाम २० सप्टेंबर २०२५ रोजीं आरपार झालें. अख्खी खाडी डोक्यावर असतां बोगदा कोरडा राखण्याची विद्या मनुष्यानें हस्तगत केली आहे. परंतु त्याच शीळफाट्यापासून कल्याणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा ज्या उंच इमारती उभ्या आहेत, त्यांतील कित्येक घरांत न्हाणीघरांतील दोन बादल्या पाणी खालच्या घरांत जाऊं नये एवढी व्यवस्था कांहीं साधत नाहीं. वास्तविक दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच आहे. पाण्याला नुसतें अडवून भागत नाहीं. त्याला जाण्यास ठरलेली वाटही करून द्यावी लागते. जेथें ती वाट नसते, तेथें पाणी आपली वाट आपण काढतें.

पूर्वीं कोंकणांतील घरांत न्हाणी ही घराच्या मागील अंगास, पुष्कळदां मुख्य घरापासून अलग असे. दगडी फरशीवरून पाणी पन्हळींत जाई आणि तेथून परसांतील केळींच्या किंवा अळवाच्या बुंध्याशीं पोंचे. फरशीच्या सांध्यांतून थोडेंबहुत पाणी मुरलें तरी तें भूमींतच मुरे. त्यानें कोणाचें नुकसान होत नसे. आजचें न्हाणीघर घराच्या पोटांत आलें आहे, आणि त्याच्या खालीं भूमि नसून शेजाऱ्याचें छत आहे. गंमत अशी कीं, जमिनीवरील पाणी वाहून नेणाऱ्या कप्प्याला नळकाम करणारे अद्यापि ‘नहाणी ट्रॅप’ असेंच म्हणतात. जुन्या न्हाणीचें नांव तेवढें टिकलें. तिच्या खालची क्षमाशील माती मात्र राहिली नाहीं.

गळतीची पहिली वार्ता बहुधा खालच्या बिऱ्हाडाकडून येते. छतावर प्रथम पिवळसर डाग दिसतो, मग रंगाचे पापुद्रे सुटतात, पुढें पांढरी क्षारांची बुरशीसारखी पूड धरते. वरच्या बिऱ्हाडाला आपलें न्हाणीघर कोरडें ठणठणीत दिसत असल्यामुळें तक्रार अतिशयोक्तीची वाटते, आणि दोन चांगल्या कुटुंबांत विनाकारण वितुष्ट येतें. शेवटीं खालचे गृहस्थ कंटाळून छताला नवा गिलावा व रंग लावून घेतात. म्हशीचा रोग आणि पखालीला औषध, असा हा प्रकार आहे. पुढील पावसाळा संपण्याच्या आंत डाग पुन्हां उमटतो, कारण पाणी जेथून निघालें तें ठिकाण जसेंच्या तसें राहिलेलें असतें. डाग ज्या ठिकाणीं दिसतो त्याच्याच बरोबर वर छिद्र असतें, ही समजूतही चुकीची आहे. स्लॅबच्या अंगांतून पाणी सळ्यांच्या कडेनें किंवा उतारानें बरेंच दूर जातें आणि जेथें फट सांपडेल तेथें खालीं उतरतें.

म्हणून हातोडा उचलण्यापूर्वीं निदान झालें पाहिजे. ओल वर्षभर रात्रंदिवस सारखीच असेल, तर सतत दाबाखालीं असणाऱ्या गाडलेल्या नळाचा संशय घ्यावा. ती फक्त पावसाळ्यांत वाढून हिवाळ्यांत विरत असेल, तर बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा बाहेरील नळ तपासावे. स्नानाच्या वेळेनंतर ती वाढत असेल, तर दोष शॉवरच्या नळींत, जमिनींत किंवा निचऱ्याच्या वाटेंत आहे. या तिहींतील भेद ओळखण्यास कोणतेंही महागडें यंत्र लागत नाहीं. दोन-दोन दिवसांच्या अंतरानें केलेल्या तीन साध्या परीक्षा पुरतात.

पहिली परीक्षा शॉवरची. शॉवरखालीं बादली धरून, जमिनीवर थेंबही पडूं न देतां, दहा-पंधरा मिनिटें शॉवर चालवावा व भरलेल्या बादल्या स्वयंपाकघराच्या मोरींत ओताव्या. एवढ्यानेंही खालीं ओल वाढली, तर दोष भिंतींतील नळींत आहे. दुसरी परीक्षा निचऱ्याची. चार-पांच बादल्या पाणी हळूहळू थेट जाळीच्या भोंकांत सोडावें. ओल वाढली तर ट्रॅपचा किंवा त्याच्या नळाचा सांधा निखळला आहे. तिसरी परीक्षा जमिनीची. जाळीचें तोंड घट्ट बंद करून जमिनीवर बोटभर पाणी एक दिवस उभें ठेवावें व भिंतीवर पेन्सिलीनें पातळीची खूण करावी. या तिन्ही परीक्षा खालच्या शेजाऱ्यांना सांगून कराव्या, म्हणजे ते छतावर लक्ष ठेवतील आणि निम्मा तंटाही तेथेंच मिटेल. सतत दाबाखालील नळाचा संशय असल्यास नळकारागिराकडून हातपंपानें दाब देऊन तो तपासून घ्यावा. कांटा उतरला कीं गळती निश्चित झाली.

दोष शॉवरपुरताच निघाला तर घरमालक भाग्यवान समजावा. शॉवर बंद केल्यावर कांहीं क्षण थेंब पडणें हा दोष नव्हे. तें नळींत उरलेलें पाणी असतें. परंतु तासाभरानेंही थेंब चालूच असतील तर दोष झारीचा नसून खालच्या कॉकचा आहे. त्यांतील रबरी वॉशर झिजला असेल तर तो बदलावा. नव्या पद्धतीच्या कॉकांत चिनी मातीच्या दोन चकत्यांचें काडतूस असतें, तें सबंध बदलावें लागतें. या थेंबाला क्षुल्लक मानूं नये. सुमारें वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला चार लिटरांवर आणि वर्षाला पंधराशे लिटरांवर पाणी जातें. उन्हाळ्यांत ज्यांना टँकरची वाट पाहावी लागते, त्यांना या हिशेबाचा अर्थ सांगावयास नको.

झारींतून पाणी वेडेंवांकडें उडत असेल तर तिच्या छिद्रांत क्षार बसले आहेत. बोअरवेलचें पाणी बहुधा जड असतें आणि त्यांतील चुना छिद्रांच्या तोंडाशीं सांचतो. झारी काढून कांहीं तास पातळ केलेल्या व्हिनेगरमध्यें किंवा लिंबाच्या रसांत ठेवली व जुन्या दांतघाशानें घासली, तर पुष्कळदां नवी घेण्याची गरज पडत नाहीं.

शॉवर बदलावयाचाच असेल तर प्रथम न्हाणीघराचा मुख्य कॉक बंद करून नळ उघडून ठेवावा, म्हणजे नळींतील पाणी निघून जाईल. जाळीवर फडकें टाकावें, नाहीं तर नेमका हवा तोच स्क्रू तेथून नाहींसा होतो. जुनी दांडी उलट दिशेनें हलक्या हातानें सोडवावी. येथें घाई करणारा मनुष्य भिंतींतील कोपर मोडतो आणि पांच मिनिटांचें काम पांच दिवसांचें करून ठेवतो. आट्यांवरील जुनी फीत व गंज काढून टेफ्लॉनची नवी पांढरी फीत दांडी ज्या दिशेनें आंत फिरते त्याच दिशेनें गुंडाळावी. उलट गुंडाळलेली फीत बसवितांना सुटते. दांडी हातानें बसवून शेवटीं पान्यानें किंचित् आवळावी. शॉवर निवडतांना मजल्याचा विचार करावा. टाकीपासून दहा मीटर खालीं पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारें एक किलो असतो. सर्वांत वरच्या मजल्यावर तो याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही कित्येकदां नसतो. तेथें थाळीएवढा मोठा शॉवर लावला तर पावसाऐवजीं नुसती रिपरिप पदरीं पडते.

दोष जमिनींत निघाला तर मात्र काम मोठें असतें. चकचकीत लादी म्हणजे पाण्याला बंदोबस्त, असा सार्वत्रिक समज आहे. लादींतून पाणी जात नाहीं हें खरें, पण लाद्यांच्या सांध्यांतील सिमेंटांतून तें नित्य झिरपतें. खरें संरक्षण लादीखालील जलरोधक थराचें असतें, आणि तो थर डोळ्यांना दिसत नसल्यामुळें त्याच्यावरच काटकसर होते. शिवाय आपल्याकडे न्हाणीघराचा स्लॅब पुष्कळ ठिकाणीं खोलगट ठेवून त्यांत नळ घालतात व वर विटांच्या तुकड्यांची भर टाकतात. थर फाटला कीं ही भर पाणी पिऊन बसते, आणि लादीखालीं एक गुप्त हौद तयार होतो. मग आठवडाभर न्हाणीघर बंद ठेवलें तरी खालचा डाग वाळत नाहीं.

या हौदाचा खरा धोका रंगाला नसून सळ्यांना आहे. चांगल्या काँक्रीटच्या तीव्र क्षारधर्मामुळें त्यांतील लोखंडावर एक सूक्ष्म संरक्षक पापुद्रा असतो. हवेंतील कर्बवायु हळूहळू काँक्रीटमध्यें शिरून हा क्षारधर्म कमी करतो, पापुद्रा नाहींसा होतो, आणि ओल व प्राणवायु मिळतांच सळई गंजते. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पट अधिक जागा व्यापतो. तो आंतून रेटा देतो, काँक्रीट फुगतें, भेगाळतें व त्याची खपली खालीं पडते. छताची खपली पडून आंतील तांबूस सळई दिसूं लागली, कीं हें काम रंगाऱ्याचें किंवा गवंड्याचें राहत नाहीं. तेथें संरचना-अभियंत्यालाच बोलाविलें पाहिजे.

दुरुस्ती स्वतःच कशी घातक ठरूं शकते, याचें दुःखद उदाहरण शीळफाट्यापासून फार दूर नाहीं. २० मे २०२५ रोजीं कल्याण पूर्वेंतील एका चार मजली इमारतींत वरच्या मजल्यावर फरशीचें काम चालू असतां स्लॅब कोसळला. तो खालच्या मजल्यांचे स्लॅब घेऊन गेला आणि सहा जणांचे प्राण गेले. जुन्या इमारतींत लादी फोडण्यापूर्वीं संस्थेची लेखी परवानगी व अभियंत्याचा सल्ला घेणें ही म्हणूनच केवळ औपचारिकता नव्हे. फोडकाम छिन्नी-हातोड्यानें थोडथोडें करावें. स्लॅबला हादरे देणारें जड यंत्र वापरूं नये. दीड मीटर रुंद व दोन मीटर लांब न्हाणीघराची तीस सेंटीमीटर खोल भर एक टनाहून अधिक भरते. तो राडारोडा एका खोलींत ढीग करून न ठेवतां रोजच्या रोज खालीं न्यावा, आणि सिमेंट-वाळूच्या गोणीही एकाच ठिकाणीं रचूं नयेत.

भर निघाल्यावर स्लॅब पूर्ण वाळूं द्यावा. भेगा व नळांभोंवतालच्या फटी न आकसणाऱ्या गिलाव्यानें भराव्या. गळती बहुतेक वेळां याच जागीं, म्हणजे नळ व स्लॅब यांच्या सांध्यांत आणि भिंत व जमीन यांच्या कोपऱ्यांत सुरू होते. म्हणून कोपऱ्यांना गोलाई द्यावी. मग सिमेंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाचे दोन हात द्यावे, दुसरा पहिल्याला आडवा. हा थर भिंतींवर सर्वत्र निदान एक फूट, आणि शॉवरच्या बाजूस सहा फूट चढवावा. तो सुकल्यावर निचऱ्याचें तोंड बंद करून किमान ४८ तास पाणी उभें ठेवावें. ही परीक्षा लादी बसविण्याच्या आधींच झाली पाहिजे. ती टाळण्यासाठीं कंत्राटदार अनेक सबबी सांगतो; घरमालकानें त्यांतील एकही मान्य करूं नये. परीक्षा उतरल्यावरच नवी भर घालावी, तिच्यावरही जलरोधक हात द्यावा, आणि लाद्या जाळीकडे दर मीटरला सुमारें एक सेंटीमीटर उतार ठेवून बसवाव्या. शेवटीं उंबरठा उंच आहे, हवा खेळती आहे आणि गीझरच्या वायरिंगला योग्य अर्थिंग व गळती-प्रवाह तोडणारा स्विच आहे, हें पाहावें. खालच्या छताचा रंग सर्वांत शेवटीं, तें पूर्ण वाळल्यावर, द्यावा.

खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न उरतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पावसाची व बाहेरील सामायिक नळांची गळती संस्थेनें दुरुस्त करावयाची असते. संडास, मोरी इत्यादींच्या आंतील गळतीचा भार संबंधित सदनिकाधारकावर पडतो. घर नवें असेल तर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याच्या कलम १४ चा आधार घेतां येतो. ताबा मिळाल्यापासून पांच वर्षांच्या आंत बांधकामांतील दोष निदर्शनास आणल्यास विकासकानें तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. कल्याण-शीळ रस्त्यावरील नव्या रहिवाशांनीं तक्रार तोंडी न करतां छायाचित्रांसह लेखी द्यावी, आणि तोंवर लाद्या फोडूं नयेत. फोडल्यास दोष मूळचा कीं मागाहूनचा, हा वाद उभा राहतो.

वरच्याची जमीन हेंच खालच्याचें छत, ही मजल्यांच्या घरांतील वस्तुस्थिति आहे. एका हाताच्या जाडीच्या त्या काँक्रीटवर दोन कुटुंबांची सुरक्षितता सारखीच अवलंबून असते. म्हणून खालून पहिला निरोप येतांच वरच्यांनीं रागावण्याऐवजीं खालीं उतरून तो डाग स्वतः पाहावा. डाग तळहाताएवढा असतांना जी दुरुस्ती एका वॉशरनें भागते, तीच पुढें सबंध न्हाणीघर फोडूनही पुरी पडेल असा भरंवसा नसतो.